दुर्बीण आणि चष्मा

काका गुरुवारी दुपारी गेले. मी ग्रंथालयात होते. आईचा फोन आला. ती म्हणाली, "काका गेले. ये." मी रजिस्टर बंद केलं आणि आले.

ते नात्याने आमचे कोणी नव्हते. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत चौकापलीकडे, आमच्याच मजल्यावर, त्यांची खोली. आमच्या दारातून त्यांचं दार दिसे आणि त्यांच्या दारातून आमचं. अशा शेजारात माणसं एकमेकांची सगळी ये-जा बघतात आणि त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. काका गेले तेव्हा आई त्यांच्याशी आठ महिने एक शब्दही बोललेली नव्हती. त्याला कारण मी होते. हे काकांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. आईला आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं.

परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली. लग्न केलं नाही. बोलणं तुटक, आवाज बारीक, सदरा कायम पांढरा. आयुष्यभर लोकांना "श्वास रोखून धरा" म्हणत आले म्हणून की काय, त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणही नकळत जरा आखडून उभे राहत असू. निवृत्त झाल्यावर त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं हाडं काढली, आता वरचं कातडं काढतोय."

त्यासाठी त्यांच्याकडे दोन छोटे डिजिटल कॅमेरे होते. दोन्ही सदऱ्याच्या खिशात मावणारे, दोन्ही काळे, आणि माझ्यासारखीला दोन्ही सारखेच. पहिल्याचं बटण दाबलं की पुढची नळी घरघरत बाहेर येई आणि चौकापलीकडच्या कॅलेंडरावरची तिथी वाचता येई. त्याचं नाव त्यांनी दुर्बीण ठेवलं होतं. दुसऱ्याची काच जागची हलत नसे. काही जवळ दिसायला हवं असेल तर आपणच उठून जवळ जायचं. त्याचं नाव चष्मा. हा चष्मा त्यांनी फोर्टातल्या बोरा बाजारातून जुना घेतला. ओळीने कितीतरी शनिवार ते त्या दुकानात जाऊन तो नुसता हातात धरून बघत आणि परत येत. शेवटी दुकानदार म्हणाला, "अंकल, ले जाओ. मेरे को भी अब इसका चेहरा नहीं देखना."

दोन कशाला, असं सगळ्यांनीच विचारलं. काकांना हा प्रश्न आवडे. ते मला गॅलरीत उभं करून समजावून सांगत. "हे बघ, कॅमेऱ्याच्या आत एक पडदा असतो, त्यावर उजेड पडतो. दुर्बिणीचा पडदा करंगळीच्या नखाएवढा. चष्म्याचा टपालाच्या तिकिटाएवढा. बाहेर ऊन असलं तर नखालाही पुरतं. आपल्या खोल्यांत संध्याकाळी एका ट्यूबवर काय पुरणार? दुर्बीण चाचपडायला लागते."

"मग चष्माच ठेवा ना एक."

"आणि घार कशी काढू? घारीला जवळ ये म्हणू?"

त्यांनी एक फुलस्केप वही केली होती. एकच गोष्ट दोन्ही कॅमेऱ्यांनी काढायची, दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी चिकटवायच्या आणि खाली शेरा लिहायचा. एक्स-रेच्या रिपोर्टला सवयीने लिहीत असावेत तसा, थोडक्यात आणि खाली तारीख टाकून. त्या वहीतले काही शेरे मला पाठ आहेत. "घार, बंद गिरणीच्या धुराड्यावर. दुर्बीण: पिसं मोजता येतात. चष्मा: ठिपका. चष्मा निरुपयोगी." "जिन्यातली मांजर, संध्याकाळ, एक बल्ब. दुर्बीण: मांजर रव्याची झाली, नुसते दाणे. चष्मा: मिशा आल्या." "लालबाग, मसाल्याच्या दुकानातल्या मिरच्या, भर दुपार. दोन्ही सारखेच. तरी दुर्बीण बरी. लांबून घेतल्यामुळे शिंक आली नाही."

एका वर्षी गणपतीच्या आगमनाला त्यांनी लालबागच्या एका ओळखीच्या गॅलरीतून दुर्बिणीने मूर्ती टिपली आणि मग चष्मा घेऊन खाली गर्दीत उतरले. चपला हरवून आले. दुर्बिणीच्या फोटोत देव मुकुटापासून पायापर्यंत स्वच्छ होता. चष्म्याच्या फोटोत ढोलाची कड, कुणाचं तरी घामाने ओलं कोपर आणि एका बाईचा वर बघणारा चेहरा होता, देव नव्हताच. शेरा होता: "देवासाठी दुर्बीण. माणसांसाठी चष्मा. चपलांसाठी दोन्ही नकोत."

अण्णा त्यांना छेडत. "अरे, माझ्या नातवाच्या मोबाईलमध्ये दोन्ही येतात! लांबचं पण, जवळचं पण!"

"मोबाईल सगळ्यांना गोरं करतो, अण्णा. उद्या तुमचा फोटो लावला तर तुमच्या घरचे विचारतील, हे कोण पाहुणे?"

हसण्यावारी गेलं तरी ते बोलणं फोटो लावण्यापाशी येऊन ठेपलं होतं आणि काकांचं सारं तिथेच येऊन ठेपत असे.

त्याची सुरुवात आमच्या घरात झाली. माझे वडील अचानक गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड फोटो नव्हता. बाहेर माणसं बसलेली, हार आलेला, आणि आम्ही कपाटातले डबे उपसतोय. शेवटी ऑफिसच्या सहलीचा एक ग्रुप फोटो सापडला. काका तो घेऊन दादरला धावले आणि त्यातून वडील कापून मोठे करून आणले. त्यांच्या खांद्यावर शेजारच्या माणसाची चार बोटं राहून गेली. बोटांचं मला काही नव्हतं. पण फोटोतले वडील बाजूला बघतायत. कोणीतरी विनोद केला असावा, त्या माणसाकडे बघून ते हसतायत. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर दिवा लावते आणि ते दुसऱ्याच कुणाकडे तरी बघत असतात.

हे मी काकांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "भिंतीवरच्या माणसानं घरात बघायला हवं." त्या दिवसापासून त्यांनी हे काम अंगावर घेतलं. चाळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक नीट फोटो, वेळ येण्याआधी, त्याला विचारून, चष्म्याने. ते दीड हातावर स्टूल घेऊन बसत. फ्लॅश नाही. दाराकडून येणारा उजेड. समोरच्याला आधी गावाकडचं काहीतरी विचारत, मग म्हणत, "आता श्वास सोडा." श्वास सोडून झाल्यावर माणूस क्षणभर कुणाचाच नसतो, तेवढ्यात फोटो घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. इस्पितळात इतकी वर्षं सगळ्यांना श्वास रोखायला लावला, त्याची ही फेड असावी, असं मला वाटे.

पण आमच्याकडे माणूस जिवंत असताना असा एकट्याचा, समोर बघणारा, मोठा फोटो काढायचा म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींचा फोटो काढला आणि तीन आठवड्यांत त्या गेल्या. नव्वदीच्या होत्या, पण ते कोण लक्षात घेतो? काका कॅमेरा घेऊन निघाले की गॅलरीतली दारं लोटली जाऊ लागली. "यमाचा फोटोग्राफर आला," असं बायका हळूच म्हणत, आणि तेवढंच हळू की त्यांना ऐकू जावं. अण्णांनी मात्र हौसेने काढून घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहिले. काका भेटले की म्हणत, "काय रे, तुझा चष्मा माझ्यावर चालला नाही बघ. पैज हरलास."

स्वतःचाही फोटो काकांनी तयार ठेवला होता. फ्रेम करून, कापडात गुंडाळून, कपाटात वरच्या खणात. दर वाढदिवसाला नवा काढून जुना बदलत. मला विचारत, "ह्या वर्षीचा कसा वाटतो?" एकदा मी म्हटलं, "मागच्या वर्षी तब्येत बरी होती." त्यांनी गंभीरपणे दोन्ही फोटो उजेडात धरले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण खोटं कशाला?"

आईचा फोटो हवा होता तो मला. आईचे फोटो म्हणजे लग्नातला एक, त्यात ती खाली बघतेय, आणि दुसरा आधार कार्डावरचा. तिला काही झालं तर तीही माझ्याकडे बघणार नाही, ही भीती मला होती. हे मोठ्याने बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, पण ती भीती खरी होती.

आईचं आणि काकांचं चांगलं होतं. ती त्यांना भावोजी म्हणे, ते तिला वहिनी. बांगड्याचं तिखलं केलं की एक वाटी चौकापलीकडे जायची. रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून काका तिच्यात एखादी प्रिंट घालून पाठवत. कधी कावळा, कधी पत्र्यावर वाळत घातलेले पापड. आई त्या प्रिंट पिठाच्या डब्यांमागे उभ्या करून ठेवी. कावळ्याची तिला फार आवडे. म्हणायची, "मेला कसा बघतोय बघ, आत्ता बोलेल." पण स्वतःच्या फोटोचं नाव काढलं की उठून जाई.

काकांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही जेवायला या, चहाला या. ते यंत्र घेऊन माझ्या दारात येऊ नका."

"नाही आणणार," काका म्हणाले, आणि विषय संपला. त्यांच्यासाठी तो खरोखरच संपला होता.

मग आईला धाप लागू लागली. पाच दिवस इस्पितळात ठेवलं, पाणी काढलं, घरी आणलं. घरी आल्यावर ती आधीपेक्षा लहान दिसायला लागली. मी काकांकडे गेले.

"तुमच्या गॅलरीतून घ्या. दुर्बिणीने. ती सकाळी दारात तांदूळ निवडत बसते. तिला कळणारही नाही."

"न कळता घेतलेला नको गं."

"घारीला विचारलं होतंत?"

"घार भिंतीवर लावायची नाहीये."

"काका, माझ्याकडे काहीच नाही."

त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चौथ्या सकाळी मी आतून पाहिलं, चौकापलीकडे कठड्यावर कोपर टेकून काका उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ती नळी बाहेर आलेली होती.

फोटो सुरेख आला होता. सकाळचं कोवळं ऊन, मांडीवर सूप, आई खडे शोधतेय, कपाळावरचा केस उडालेला. वहीत त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. शेरा होता: "दुर्बीण: चेहरा उत्तम. विचारलेलं नाही. धरू नये."

मी ती प्रिंट मागितली. ते म्हणाले, "आधी वहिनींना दाखवतो."

"कशाला? काका, नको!"

"त्यांची आहे."

आणि ते खरोखरच आले. कॅमेरा नाही, फक्त ती प्रिंट. आईच्या पुढे ठेवून म्हणाले, "वहिनी, हा मी काढला. तुम्हाला न विचारता. फाडायचा असेल तर फाडा."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आईने फोटोकडे पाहिलं, मग काकांकडे. रागावली की ती मालवणीत बोलते. म्हणाली, "तुमका सांगितला होता मी." एवढंच. प्रिंट उलटी करून टेबलावर ठेवली आणि उठून आत आली, माझ्या बाजूने, मला न लागता. काका वळून निघाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटतं, मुद्दामच.

त्यानंतर वाटी बंद झाली. गॅलरीत काका दिसले की आई टॉवेल झटकता झटकता थांबे आणि आत येई. काका चौकाच्या बाजूला न बसता आत बसू लागले. मी त्यांच्याकडे जात होते. पहिल्या आठवड्यात म्हटलं, "मी सांगते आईला." ते म्हणाले, "सांग. पण माझ्यासाठी नको सांगूस. मी काढला हे खरंच आहे." मग महिना गेला. आईची तब्येत बरी होत होती, तिला आता त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर गणपती आले, दिवाळी आली. जितका उशीर होत गेला तितकं ते सांगणं जड होत गेलं. पुस्तकं उशिरा परत करणारी माणसं ग्रंथालयाच्या दारावरून का जात नाहीत, ते मला त्या दिवसांत कळलं.

एकदा काका म्हणाले, "वहिनींची एक वाटी राहिलीय माझ्याकडे. नेतेस?"

मी म्हटलं, "राहू दे. लागेलच."

गुरुवारी दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दार उघडंच होतं. आईनेच पाहिलं, चौकापलीकडून. आठ महिन्यांनी ती त्यांच्या खोलीत गेली.

मी पोचले तेव्हा अण्णा जिन्यात बसून होते. "पैज मी हरायला हवी होती गं," म्हणाले. फोटोसाठी कुणाला धावावं लागलं नाही. मी वरच्या खणातून कापडाची गुंडाळी काढली. गेल्या वाढदिवसाचा होता. भिंतीला टेकवून ठेवला. काका सरळ आमच्याकडे बघत होते. बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "किती नीट बघतायत." आई त्या फोटोपुढे उभी राहिली. बाकीचे बसले तरी ती उभीच होती.

पुढचं सगळं काकांच्या भाच्याने गावी केलं. फोटो तो घेऊन गेला. निघताना म्हणाला, "ताई, कॅमेरे तुम्हीच ठेवा. आमच्यात कोण वापरणार?" मी दोन्ही कॅमेरे आणि वही घरी आणून टेबलावर ठेवली. आई लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि आठ महिन्यांपूर्वीचं वाक्य म्हटलं.

"आई, तो फोटो काकांनी आपणहून नव्हता काढला. मी सांगितलं होतं. ते नको म्हणत होते."

आई लसूण सोलत राहिली.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. भावोजी बोलत होते आणि तू जमिनीकडे बघत होतीस."

"मग त्यांच्याशी का नाही बोललीस?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघीत होतंय."

मालवणीत बोलली तरी तिचा आवाज रागावलेला नव्हता. तिने सालं गोळा केली आणि मुठीत धरली. म्हणाली, "मला वाटलं, वेळ आहे."

बोलण्यासारखं जे होतं ते मी आठ महिने बोलले नव्हते, आणि आता ज्याच्या कामी आलं असतं तो माणूस नव्हता. आईने सालं टाकली, हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "ह्यातला जवळ यायचा तो कुठला?"

मी चष्मा उचलला.

ती खुर्ची ओढून दाराच्या उजेडात बसली. साडी बदलली नाही. घरातलीच होती, धुवून मऊ झालेली. मी समोर उभी राहिले.

"तिथून काय काढतेस? भावोजी त्या पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या केवढे जवळ बसले होते. मी वरून बघत होते ना."

मी स्टूल घेतलं आणि पुढे सरकले.

"आणखी."

मी आणखी सरकले. माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागले.

अकरा फोटो काढले. सात हलले. दोनांत तिचे डोळे मिटलेत. एकात ती मला काहीतरी सांगतेय. एक आला. त्यात आई माझ्याकडे बघतेय. तिने मला माफ केलंय की नाही, हे त्या चेहऱ्यावरून मला ठरवता येत नाही. पण ती बघतेय माझ्याकडेच.

तो मी मोठा करून आणला आणि फ्रेम केला. फोटो कपाटात आहे. आई स्वयंपाकघरात आहे.